बायनाबाईचे उरलेले तीन विषय

बायनाबाई टेंभुर्णे दहावीच्या परीक्षेला पहिल्यांदा बसली ती वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आणि बसली ती पूर्ण सहा विषय घेऊन. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणाऱ्या बाईने सहाच्या सहा विषय एका दमात घ्यावेत याचं कुरखेड्याच्या परीक्षा केंद्रावर सगळ्यांना नवल वाटलं होतं. निकाल लागला तेव्हा मात्र कुणाला नवल वाटलं नाही. मराठी, हिंदी आणि इतिहास-भूगोल हे निघाले. इंग्रजी, गणित आणि विज्ञान राहिले. ही अठ्ठ्याण्णव सालातली गोष्ट.

कुरखेड्यापासून नऊ किलोमीटरवरच्या एका टोल्यात, म्हणजे लहानशा वस्तीत, तिचं घर. एकुलती मुलगी लग्न होऊन भद्रावतीला गेलेली, त्यामुळे घरात ती आणि नवरा सोमाजी, दोघंच. सोमाजी धानाच्या दिवसांत शेतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी जंगलात बांबू कटाईवर. बायनाबाई गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती, अकरा वर्षांपासून. मदतनीस म्हणजे घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. हे कागदावरचं काम. कागदावर नसलेलं काम असं की पोरांना गाणी तीच शिकवायची, त्यांची वजनं तीच करायची, आणि सेविकेने भरायचं रजिस्टरही तीच भरायची. सेविका कमळाबाई कुरखेड्याला राहायच्या आणि आठवड्यातून दोनदा नवऱ्याच्या मोटारसायकलवर यायच्या. बाई वाईट नव्हत्या. पोरांशी गोड बोलायच्या, बायनाबाईला घरचं लोणचं आणून द्यायच्या, आणि आल्यासरशी रजिस्टरवर मागच्या चार दिवसांच्या सह्या ठोकून द्यायच्या.

बायनाबाईला या सगळ्याचं फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते फक्त मार्च महिन्यात.

मार्च लागला की मोहफुलं गळायला लागतात. पहाटे चार वाजल्यापासून ऊन चढेपर्यंत अख्खा टोला जंगलात. आया जातात, त्यांच्या कडेवरची पोरं जातात, चालती पोरं मागून टोपलं डोक्यावर घालून जातात. अंगणवाडीत उरते ती बायनाबाई, एक गंज, म्हणजे मोठं पातेलंभर, खिचडी आणि कुणाची तरी बकरी. कमळाबाई म्हणायच्या, "पटावर बत्तीस लिहून टाक." बायनाबाई बत्तीस लिहायची. अक्षर तिचं, सही कमळाबाईंची. एकदा ऐन मार्चात पर्यवेक्षिका बाई जीपमधून उतरल्या आणि विचारलं, "मुलं कुठे आहेत?" कमळाबाईंनी बायनाबाईकडे बघितलं. बायनाबाई म्हणाली, "आत्ताच जेवून गेले, बाई." गंज तर काठोकाठ भरलेला होता. पर्यवेक्षिकेने गंजाकडे बघितलं आणि चहा प्यायला. त्या दिवशी बायनाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर तिने कमळाबाईंना विचारलं होतं, "बाई, मार्चात खिचडीच झाडाखाली नेली तं? पोट्टे तं तिथीच असतेत."

"सेविका तू आहेस की मी?" कमळाबाई म्हणाल्या. रागाने नव्हे, हसतच म्हणाल्या, पण बोलणं तिथेच संपलं.

सेविका व्हायला दहावी पास लागते. तेवढ्यासाठी बायनाबाईने सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, आणि गावाला सांगितलं होतं की हौस म्हणून भरला.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात कळलं की कमळाबाई येत्या जूनमध्ये काम सोडणार. मुलाकडे नागपूरला जाणार. पर्यवेक्षिकेने स्वतः बायनाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "मदतनीस दहावी पास असेल तर तिचा हक्क आधी. नसेल तर गावातली दुसरी बघावी लागेल. जून लक्षात ठेव."

नोव्हेंबरात फॉर्म भरायच्या दिवसांत बायनाबाई कुरखेड्याच्या शाळेत गेली. बाहेरून बसणाऱ्यांचे फॉर्म गफ्फारभाऊ बघायचे. शाळेतला कारकून, मूळ कुरखेड्याच्याच बाजारपेठेतला. बापाचं शिवणकामाचं दुकान होतं आणि हा एकटा घरातून नोकरीला लागलेला. डोळ्यांवर जाड चष्मा, तोंडात सुपारी, आणि नापास माणसाशी बोलताना आवाज एकदम मऊ. पंचवीस वर्षं नापासांचेच फॉर्म भरत आल्यावर तो आवाज आपोआप होत असावा.

"किती विषय लिहू, बाई?"

"तीन राह्यले ना, भाऊ. तीनई लिहा."

गफ्फारभाऊंनी पेन खाली ठेवलं. "ऐका माझं. मागच्या वेळेस सहा घेतले, तीन निघाले. म्हणजे अर्धे. आता तीन घ्याल तर दीड निघेल. दीड विषय बोर्ड देत नाही. एक घ्या. मार्चपर्यंत एकच विज्ञान वाचा, आरामात निघते. ऑक्टोबरले दुसरा, पुढच्या मार्चले तिसरा. बड्या-बड्यांना असंच पार केलं मी."

"पुढच्या मार्चले म्हणजे दोन हजार सालात?"

"हो ना. नवीन शतकात पास व्हाल, त्यात काय बिघडलं?"

"कमळाबाई जूनमंधी जाते, भाऊ."

गफ्फारभाऊंना ते माहीत नव्हतं. त्यांनी सुपारी दुसऱ्या गालात सरकवली, खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाले, "घरी विचारून या. फॉर्मला अजून आठ दिवस आहेत."

घरी विचारण्यासारखं एकच माणूस. सोमाजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो स्वतः सातवी शिकलेला, आणि बायकोच्या शिक्षणाला त्याचा कधीच विरोध नव्हता. चौदा एप्रिलला विहारासमोर माईकवरून तिचं नाव घेतलं गेलं तेव्हा छाती फुगवून पुढे बसणारा तो माणूस. पण तो हाडाचा शेतकरी होता आणि त्याचं गणित सरळ होतं.

"तीन विषयाचे पेपर किती?"

"पाच. गणिताचे दोन, विज्ञानाचे दोन, इंग्रजीचा एक."

"सगळे मार्चात?"

"मार्चातच असतेत."

"मंग मोह कोन वेचन? मी तं बांबूवर राहीन."

हाच खरा प्रश्न होता, आणि तो गफ्फारभाऊंना सुचला नव्हता कारण बाजारपेठेत मोहाची झाडं नसतात. टेंभुर्ण्यांच्या घराची नाल्याकाठी चार झाडं होती. झाडं सरकारची, जंगल सरकारचं, पण कुठलं झाड कुणी वेचायचं हे गावाने कधीचं ठरवलेलं. ही चार बायनाबाईच्या सासूने तिच्या हवाली केली होती. गावाचा नियम असा की झाडाखालचा पाला झाडून ज्याने जागा साफ केली, त्या जागेवर पडेल ती फुलं त्याची. आणि एखाद्याने हंगाम संपेपर्यंत आपल्या झाडाखाली झाडू धरला नाही, तर जो धरेल त्याचं ते झाड पुढेही होतं. कुणी भांडायला जात नाही. गेलंच तर पंच विचारतात, "त्या साली कोनं झाडलं?" आणि विषय मिटतो.

चौथ्या झाडाचं दुखणं वेगळंच होतं. ते टेंभुर्ण्यांचं, पण त्याच्या अर्ध्या फांद्या शेजारच्या इतवारीबाईच्या झाडलेल्या जागेवर आलेल्या. इतवारी गोंडांच्या वस्तीतली, बायनाबाईहून दहाएक वर्षांनी मोठी, तोंडाने तिखट. दरवर्षी फेब्रुवारीत दोघी झाडायला जायच्या आणि इतवारीचा झाडू नेमाने वीतभर पुढे यायचा. दुसऱ्या दिवशी बायनाबाई तो वीतभर मागे ढकलायची. दोघींच्या सासवाही हेच करत आल्या होत्या. सरकारला भारत-पाकिस्तानची हद्द आखता आली, पण त्या झाडाखालची हद्द कुणाला आखता आली नाही.

"एकच विषय घे," सोमाजी म्हणाला. "दोन दिवस मोह बुडन, चालते. पाच दिवस आन् त्याच्या आधीचा अभ्यास, म्हंजे हंगामच गेला."

आठव्या दिवशी बायनाबाई कुरखेड्याला गेली आणि गफ्फारभाऊंसमोर उभी राहून म्हणाली, "तीन लिहा."

"दीड येईल, बाई."

"दीड नाई येत, भाऊ. दोन येतेत."

गफ्फारभाऊ हसले आणि तीन लिहिले.

तीन लिहिले खरे, पण बायनाबाईने मोहही सोडला नव्हता. तिच्या डोक्यात बेत शिजत होता. पेपर अकराला. मोह पहाटे चारला. चार ते आठ वेचायचं, घरी येऊन अंघोळ करायची, फाट्यावर साडेनऊची एसटी धरायची, की झालं. पाचही दिवस हे जमेल असं तिला मनापासून वाटलं. जिने उभ्या जन्मात मोह वेचला नाही अशा बाईने हा बेत केला असता तर समजून घेता आलं असतं. पण मार्चातल्या दुपारी वेचणारी बाई कशी अंगणात आडवी होते ते बायनाबाई वीस वर्षं बघत आली होती, आणि तीही तशीच आडवी होत आली होती.

पहिला पेपर इंग्रजीचा. त्या पहाटे फुलं अशी पडली होती की पाय ठेवायला जागा नव्हती. आठ वाजले तरी चौथं झाड राहिलंच होतं, आणि पलीकडे इतवारी कंबरेत वाकून सरसर वेचत होती. तिला सोडून जायचं बायनाबाईच्या जिवावर आलं. साडेआठ झाले. टोपली घरी टाकून, अंगावर दोन तांबे पाणी ओतून ती धावत फाट्यावर गेली आणि एसटी मिळाली. वर्गातही वेळेत पोचली. पहिली पंचवीस मिनिटं उताऱ्याचे प्रश्न तिने नीट सोडवले. मग खिडकीतून वारा आला, डोकं बाकावर टेकलं, आणि बायनाबाई झोपली. सरळ झोपली. देखरेखीच्या गुरुजींनी खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा शेवटची चाळीस मिनिटं उरली होती आणि तिच्या हातांना येणाऱ्या मोहाच्या वासाने पुढच्या बाकावरचा पोट्टा मागे वळून वळून बघत होता.

परतीच्या एसटीत ती रडली. कुणाला दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडे करून, पण रडली. पेपर कठीण गेला म्हणून नाही. येत असलेलं लिहायचं राहिलं म्हणून.

संध्याकाळी ती इतवारीच्या अंगणात गेली. इतवारी वाळत घातलेली फुलं गोळा करत होती. तिने वर बघितलंही नाही. तिला वाटलं, वीतभर हद्दीचं भांडण आलं.

"इतवारीबाई, उद्यापासून माह्या चारी झाडाखाली तू झाड."

आता इतवारीने वर बघितलं. "काऊन वं? बुखार आला का?"

"दहावीचे चार पेपर राह्यले. दोन्ही नाई होत माह्याच्यानं."

"चारी?"

"चारी."

इतवारीने ओंजळीतली फुलं टोपल्यात टाकली. मग म्हणाली, "अर्धे फुलं देऊ का तुले?"

खरं तर हवी होती. वर्षभराचा आधार होता तो घराला. पण अर्धी घेतली की दररोज नजर तिकडे जाणार, किती पडली, किती वेचली, आणि पुस्तक उघडं राहणार, हे बायनाबाई त्या दिवशी शिकली होती. "नाई," ती म्हणाली. "पूर्न तूच घे."

हंगाम अर्ध्यावर झाडू सोडला की झाड जातं, हे दोघींनाही माहीत होतं.

शनिवारी सोमाजी बांबूवरून आला. अंगणात फुलं नाहीत हे त्याने पाहिलं, कारण विचारलं, आणि ऐकून जेवायला न बसता विहाराकडे निघून गेला. तिसऱ्या दिवशी परत कामावर निघताना विहाराची किल्ली तिच्या हातात ठेवली. "तिथी ट्युबलाइट हाय," एवढंच म्हणाला.

बायनाबाई पहाटे चारलाच उठत राहिली, कारण शरीराला दुसरी वेळ माहीत नव्हती. सगळा टोला टोपल्या घेऊन नाल्याकडे जायचा आणि ती उलट्या दिशेने विहाराकडे. बीजगणित, भूमिती, विज्ञान एक, विज्ञान दोन. एकाही पेपरात डोळा लागला नाही.

जूनमध्ये निकाल लागला. गणितात पास होण्याइतके बरोब्बर, विज्ञानात थोडे वर. इंग्रजी सत्तावीस. शंभरपैकी पस्तीस लागतात.

कमळाबाई ठरल्याप्रमाणे गेल्या. जाताना बायनाबाईला स्वतःची एक साडी आणि लोणच्याची बरणी देऊन गेल्या. आणि त्याच सुमारास इतवारीच्या घरी सून आली, आश्रमशाळेत शिकलेली, समोती नावाची, वीस वर्षांची, दहावी पास. पहिल्याच फटक्यात सहाच्या सहा. आता गावात सेविकेला लायक बाई एकच होती, आणि ती बायनाबाई नव्हती. चार झाडंही इतवारीकडे आणि आता ही जागाही, असं बायनाबाईच्या मनात आलं. तिने इतवारीचा दुस्वास केला, निदान पावसाळाभर तरी केला. तसं ती कुणाला बोलली नाही, पण विहिरीवर इतवारी दिसली की ती घागर घेऊन दुसऱ्या विहिरीला जायची.

सप्टेंबरात ती गफ्फारभाऊंकडे गेली.

"किती विषय?" गफ्फारभाऊंनी सवयीने विचारलं.

"एक."

"देखा! तेव्हाच म्हटलं होतं, एक घ्या म्हणून."

"तवा घेतला असता तं आज दोन राह्यले असते, भाऊ."

गफ्फारभाऊंनी चष्मा काढून पुसला. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. पंचवीस वर्षांत नापास माणसाने त्यांचा हिशेब चुकवल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. "दीड म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "दोन आले. बराबर." आणि फॉर्मवर इंग्रजी हा एकच शब्द लिहिताना त्यांनी तो फार सावकाश, वळणदार लिहिला.

जागा जूनमध्ये भरायची होती. पण आधी पंचायतीचा ठराव अडकला, मग निवडणूक लागली, मग फाइल कुठल्या तरी टेबलावर पडून राहिली. तोवर अंगणवाडी बायनाबाईच चालवत होती, शेजारच्या गावची सेविका महिन्यातून एकदा येऊन सह्या करून जायची. जाहिरात निघाली ती डिसेंबरात. बायनाबाईचा ऑक्टोबरचा निकाल त्याच्या बारा दिवस आधी लागला होता. इंग्रजी एक्केचाळीस. याला कुणी नशीब म्हणेल. पण ढिलाई ऑफिसची होती, तिन्ही विषय तिचे होते. मार्चात एकच घेतला असता, तर ऑफिसने डिसेंबरपर्यंत झोपा काढल्या तरी तिला त्याचा काही उपयोग झाला नसता.

जानेवारीत तिला सेविकेचं पत्र मिळालं. तिच्या जागी मदतनीस म्हणून समोती लागली. पहिल्या दिवशी समोती खाली मान घालून म्हणाली, "माही सासू म्हने, बायनाबाईच्या हाताखाली राहशीन तं शिकशीन." बायनाबाईला पावसाळाभरच्या दुस्वासाची लाज वाटली. तिने समोतीला पहिल्या दिवसापासून रजिस्टर भरायला शिकवलं, पण सही स्वतः केली, त्याच दिवशीची त्याच दिवशी.

मग मार्च आला. अंगणवाडी ओस पडली. गंज चुलीवर शिजला आणि बकरी दारात येऊन उभी राहिली.

बायनाबाईने समोतीला हाक मारली. दोघींनी गंजाच्या कड्यांतून काठी घातली, खांद्यावर घेतला, आणि नाल्याकडे निघाल्या. मागच्या वर्षी झाडं सोडल्यापासून बायनाबाई तिकडे गेली नव्हती. चारही झाडांखालची जागा लख्ख झाडलेली होती. झाडू इतवारीचा. चौथ्या झाडाखाली मधली हद्द कुठे होती हे आता शोधूनही सापडलं नसतं. सासूने दिलेली झाडं होती.

इतवारी कंबर धरून उभी राहिली. गंज बघितला, सुनेला बघितलं, मग बायनाबाईला. "झाडं घेतं का वापस?" तिने विचारलं. "पंचायले मी सांगतो, मीच मोसमापुरते घेतले होते म्हनून."

बायनाबाईने चौथ्या झाडाकडे वर बघितलं. मग म्हणाली, "सकाळी माह्या हातात पोट्टे हायेत. वेचन कोन? तूच ठेव. फक्त याच्या खालची जागा आठ वाजल्यावर मले दे. पोट्टे बसवाले."

"आन् खाली फुलं पडले तं?"

"पडले तं तुहे."

आठ वाजता तिने हाक दिली. झाडाझाडांमागून पोरं आली, कुणी टोपलं घेऊन, कुणी फुल चोखत, एकाच्या तर दोन्ही गालांत फुलं. रांगेने बसली, जेवली, गाणं म्हटलं. उरलेली पोरं लांबच्या जंगलात होती, तिथपर्यंत हाक जात नव्हती. समोतीने पट उघडला आणि विचारलं, "बाई, बत्तीस लिहू ना? आधीच्या मार्चात बत्तीसच दिसते इथी, रोज."

मागची पानं बायनाबाईच्याच अक्षरात होती. तिने एकेका डोक्याला बोट लावत मोजली, आणि पट स्वतःकडे ओढून घेतला. सतरा लिहिले. खाली सही केली.